पाय न लागलेलं बेट

गोव्याला जायचं ठरलं की आमच्या घरात दोन पक्ष पडतात. एक "देवाला जाऊन येऊ" म्हणणारा आणि दुसरा "फिरायला जाऊ" म्हणणारा. बाबा होते तोवर पहिल्या पक्षाचं बहुमत होतं. मंगेशीला अभिषेक, डिचोलीला आत्याकडे मुक्काम, आणि समुद्र बघायचाच तर परतीच्या आदल्या दिवशी मिरामारला अर्धा तास, तोही चपला हातात धरून. वयाच्या पंचविशीपर्यंत माझ्या लेखी गोवा म्हणजे दीपमाळ, ओल्या पंच्याचा वास आणि आत्याकडचं खतखतं. गोव्यात लोक सुट्टीला जातात हे मला लग्नानंतर कळलं.

या जानेवारीत सत्तापालट झाला. अकरा वर्षांच्या चिरंजीवांनी मोबाइलवर कुठल्याशा देशातलं हिरवंगार पाणी पाहिलं. लांबुळकी बोट, एका बेटावरून दुसऱ्या बेटावर, प्रत्येक ठिकाणी उड्या. "आयलंड हॉपिंग. गोव्यातपण असतं." नवऱ्याने चौकशी केली तर खरंच होतं. माणशी अठराशे, त्यात डॉल्फिन, स्नॉर्केलिंग, मासेमारी, जेवण आणि "आयलंड". आई पणजीतल्या हॉटेलात आराम करेल, असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं. आई पिशवीची चेन लावत म्हणाली, "किती वाजता निघायचंय?"

"अगं, बोट लागते."

"मला शिकवू नकोस. चौऱ्याहत्तर साली कोकण सेवकने आलेय मी."

ही कोकण सेवक आमच्या घरात दर दोन-तीन वर्षांनी एकदा धक्क्याला लागते. मुंबई-पणजी बोट. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवीत शिरायची. आई नवी नवरी, बरोबर सासू-सासरे आणि एक ट्रंक, डेकवर सतरंजी टाकून रात्र काढलेली. वाटेत बंदर आलं की बोट लांबच उभी राहायची, किनाऱ्यावरून पडाव यायचे आणि हलत्या बोटीतून हलत्या पडावात माणसं उतरायची. पोरं, बोचकी, कोंबड्या, सगळं हातोहात. आई ते वर्णन करताना आजही दोन्ही हात पुढे करते, जणू कुणाचं तरी मूल झेलायचं आहे. रात्रभर तिला ओकाऱ्या झाल्या आणि आजोबांनी हातात अर्धं लिंबू दिलं. सासऱ्यांशी तिचं पहिलं बोलणं ते. "हुंगत राहा," एवढंच. तिच्या पर्समध्ये त्या दिवशीही लिंबू होतं. आम्ही तिघांनी अव्होमिन घेतली होती.

गोव्यातल्या नेरूळच्या खाडीत बोट उभी होती. गुडघाभर पाण्यातून जाऊन शिडी चढायची. बोटीवरच्या पोराने आईचा एक हात धरला, तिने दुसऱ्या हाताने साडी खोचली आणि ती चढली. आमच्या ह्यांनी पहिल्याच पायरीला मोबाइल भिजवला. लाइफ जॅकेटं वाटली गेली. त्यांना आधीच्या शंभर माणसांच्या घामाचा आणि खाऱ्या पाण्याचा मिळून एक वास होता, आणि माझ्या जॅकेटाचं एक बक्कल तुटलेलं होतं. "कुछ नहीं होगा मॅडम," असं मला सांगण्यात आलं. काही झालं नाही हेही खरंच.

खाडीतून बाहेर पडलं की उजव्या हाताला आग्वाद येतो. 'आग्वा' म्हणजे पाणी. समुद्र ओलांडून आलेली पोर्तुगीज गलबतं इथल्या झऱ्यावर गोडं पाणी भरून घ्यायची, त्यावरून हे नाव. किल्ला १६१२चा, वरचं जुनं दीपगृह १८६४चं. खाली पाण्याला लागून तुरुंग, आता तिथं संग्रहालय आहे. १९४६ साली गोव्याच्या मुक्तीसाठी लढणारे राममनोहर लोहिया आणि त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा या तुरुंगात होते. हे बोटीवर कुणी सांगितलं नाही. भोंगा हातात असलेल्या माणसाने आम्हाला त्याच्या शेजारचा हिऱ्याच्या व्यापाऱ्याचा बंगला दाखवला, त्यात किती सिनेमांची शूटिंगं झाली ते सांगितलं, आणि बोट पुढे गेली. आई मात्र मान वळवून त्या जेलच्या भिंतीकडेच बघत राहिली. तिच्या माहेरच्या गल्लीतले एक काका गोव्याच्या सत्याग्रहाला गेले होते आणि डोकं फुटून परत आले होते, ते तिला आठवलं असावं. विचारायची मला सवड झाली नाही, कारण तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "लेफ्ट साइड!"

चाळीस माणसं एकदम डावीकडे. बोट कलली. तांडेल इतका वेळ एक अक्षर बोलला नव्हता, तो उठून ओरडला, "बसा! बसा सगळीं!" सगळे बसले. पाण्यात एक करडी पाठ वर आली आणि गेली. आपल्या किनाऱ्याचे हे कुबडवाले डॉल्फिन सिनेमातल्यासारख्या उड्या मारत नाहीत. श्वासापुरते वर येतात, पाठ दाखवतात आणि आपल्या कामाला निघून जातात. एवढ्यात आणखी चार बोटी त्याच जागी येऊन ठेपल्या, चौघींची इंजिनं घरघरत. मला त्या प्राण्याची कीव आली. नाक वर काढावं तर दोनशे मोबाइल.

ग्रँड आयलंडला पोचायला तासभर लागला. वास्कोच्या समोर, मुरगावच्या टोकापलीकडे ते आहे. खडकाळ कडा, वर दाट झाडी, माणसाची खूण अशी दिसत नाही. पोर्तुगीजांनी ठेवलेलं नाव 'इल्या ग्रांदे', म्हणजे नुसतं मोठं बेट. शेजारी धाकटं आहे, त्याला बॅट आयलंड म्हणतात. आमची बोट बेटाच्या आडोशाला नांगर टाकून थांबली. तिथं आधीच सहा बोटी होत्या आणि प्रत्येकीवर वेगळं गाणं लागलं होतं.

स्नॉर्केलिंगचे मुखवटे एका प्लास्टिकच्या टबातून आले. चाळीस माणसांत बारा. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी लावायची, असं पोराने दाखवलं. म्हणजे आत थुंकून, बोटाने काचभर फिरवून, पाण्यात खळबळून तो मुखवटा पुढच्याच्या हातात. आई हे बारकाईने बघत होती. "सोवळ्यात आहे सगळं," ती एवढंच म्हणाली. मी मात्र घातला. पाण्यात डोकं घातल्यावर पहिली दोन मिनिटं फक्त आपल्याच श्वासाचा आवाज येतो, भात्यासारखा. मग खालचा खडक दिसायला लागला, गढूळ हिरव्या उजेडात. मांडवी आणि जुवारी आपला गाळ याच पाण्यात आणून ओततात, तेव्हा चित्रातल्यासारखी निळाई इथं मागणं चूक आहे. काळ्या पट्ट्यांचे, पाठीवर पिवळसर झाक असलेले पाच-सहा मासे माझ्या हातापासून वीतभर अंतरावर निवांत खडक चाटत होते. त्यातला एक थांबला, माझ्या अंगठीकडे बघितल्यासारखं केलं आणि पुन्हा खडकाला लागला. तेवढ्यात मुखवट्यात पाणी शिरलं आणि पाठीवर थाप पडली. पुढच्याचा नंबर.

त्या दिवसाचं फुकट न गेलेलं काही असेल तर ती ही चार मिनिटं, आणि गळ. प्लास्टिकच्या बाटलीला गुंडाळलेली नायलॉनची दोरी, टोकाला कोळंबीचा तुकडा. लेकाला एक वीतभर गुलाबी मासा लागला. तांडेलाने तो हळूच सोडवून परत पाण्यात टाकला. "बारीक आसा. वाडूं दी."

दोन वाजता बोट वळली. लेकाने विचारलं, "आणि आयलंड?"

"ये क्या, आयलंडही तो था," भोंगेवाला म्हणाला.

"पण उतरलोच नाही."

"उतरना पॅकेज में नहीं है."

तर असं हे बेट. पुढून पाहिलं, बाजूने पाहिलं, त्याच्या सावलीत पुलाव आणि तळलेली मासळी खाल्ली, पण त्याला पाय काही लागले नाहीत. सगळ्याच बोटींचं असं असतं असं नाही, काही जण एका छोट्या पुळणीवर उतरवतातही. आम्ही दर नीट विचारला आणि बाकीचं विचारलं नाही. खाडीत परत आल्यावर, पुन्हा गुडघाभर पाण्यात उतरताना आई म्हणाली, "जिथनं चढलो तिथंच उतरलो. मग तिकीट कुठलं घेतलं होतं?"

संध्याकाळी नवरा इरेला पेटला होता. नकाशा उघडून गोव्यातली बेटं मोजायला बसला. दक्षिणेला, कारवारच्या समोर, अंजदीव सापडलं. नकाशात ते कर्नाटकाला चिकटलेलं दिसतं, पण आहे गोव्याचं, काणकोण तालुक्यातलं. तिथं मात्र कुणीच नेणार नाही, ते नौदलाकडे आहे. १५०५ मध्ये पोर्तुगीजांचा पहिला व्हाइसरॉय आल्मेदा याने तिथं किल्ला बांधला. पुढे नोव्हेंबर १९६१ मध्ये त्याच बेटावरून 'साबरमती' या प्रवासी बोटीवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि दिल्लीचा धीर सुटायला एक कारण मिळालं. महिन्याभरात ऑपरेशन विजय. बाकी गोवा दीड दिवसात हाती आला, पण त्या एवढ्याशा बेटावर नौदलाचे ७ जवान कामी आले. आईला साबरमतीचं नाव माहीत होतं. "आमच्या कोकण सेवकसारखीच असणार ती," ती म्हणाली, आणि बराच वेळ गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी आत्याकडे जायचं होतं. सरळ रस्ता पुलावरून जातो. आत्याने फोनवर सांगितलं, "वहिनीला पुलावरनं कशाला आणताय? दिवाडी बेटावरनं या. दोन फेरीबोटी लागतात, पण वाटेत सप्तकोटेश्वर होईल."

जुन्या गोव्यातल्या धक्क्यावर जाताना व्हाइसरॉयच्या कमानीखालून गाडी जाते. नवा व्हाइसरॉय नदीतून येऊन याच कमानीतून शहरात पाऊल टाकायचा. नदीच्या बाजूला कोनाड्यात वास्को द गामा उभा आहे, पणतवाने बसवलेला. आम्ही उलटे निघालो होतो, शहरातून नदीकडे. फेरीबोट म्हणजे एक सपाट लोखंडी ताट, दोन्ही टोकांना साखळीवर खालीवर होणाऱ्या फळ्या. आधी गाड्या, मग स्कूटर, मग माणसं. गाडीचे चार पैसे द्यावे लागतात, माणसाला तिकीट नाही. आईला हे पटेना. तिने दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा फेरीवाल्याने हसून मान हलवली.

आमच्या बाजूला एक बाई पावांची पाटी घेऊन, एक म्हातारा नवा पंखा खोक्यासकट मांडीवर घेऊन, आणि गणवेशातली दोन पोरं. कुणी फोटो काढत नव्हतं. पलीकडून खनिजाची रिकामी बार्ज गेली तेव्हा फेरी तिच्या लाटेवर दोनदा डुलली आणि आईने कठडा धरला.

"मगरी आहेत का हो इथं?" तिने पाववालीला विचारलं.

"हांगा ना. तिकडे, कुंभारजुव्याच्या खाडीत." बाईने हनुवटीने पूर्वेला दाखवलं. मग सांगितलं की त्यांच्या दुर्भाटच्या सोयऱ्यांकडे पौष अमावास्येला चिखलाची मगर करून पूजतात. मांगे थापणी म्हणतात तिला. मांगे म्हणजे मगर. ज्यांचं सगळं काम त्या पाण्यात, त्यांनी तिच्याशी बोलून-चालून राहिलेलं बरं. पर्यटकांना त्याच खाडीत मगर दाखवायला बोटी जातात हेही तीच म्हणाली, पण ते सांगताना तिने पाटीवरचं फडकं नीट केलं आणि विषय संपवला.

दिवाडीला उतरलं की रस्ता सरळ खाजनातून जातो. खाजन म्हणजे नदीपासून हिसकून घेतलेली शेतजमीन. भरतीचं पाणी शेतापेक्षा उंच असतं, मधे मातीचा बांध. बांधात जागोजागी 'मानस', म्हणजे लाकडी झडपांची दारं. भरतीचं पाणी दाबतं तसं दार आपोआप मिटतं, ओहोटीला आतल्या पाण्याने आपोआप उघडतं. ना मोटर, ना वीज. लेक गाडी थांबवून खाली उतरला आणि पंधरा मिनिटं तिथून हलेना. काल चाळीस माणसांच्या गोंगाटात ज्याला कंटाळा आला होता, तो इथं चिखलातल्या खेकड्यांशी बोलत होता. मी पण उतरले. बूट चिखलात रुतले. बेटाला पाय लागले.

दिवाडीला पूल नाही. दीपवतीची दिवाडी झाली म्हणतात. टेकडीवर पिएदादचं चर्च, खाली जुन्या घरांच्या बाल्कन्या, रिकाम्या दारांना चकचकीत कुलपं. एका दुकानात सोडा पिताना दुकानदाराने ऑगस्टमध्ये या म्हणून सांगितलं, चौथ्या शनिवारी बोंदेरां असतो. 'बांदैरा' म्हणजे पोर्तुगीजमध्ये बावटा. गावांच्या हद्दीवरून भांडणं व्हायची, हद्दीवर बावटे रोवायचे, दुसऱ्या वाड्याची माणसं ते पाडायची, आणि आता त्याचीच मिरवणूक निघते. चारी बाजूंनी पाणी असलं की वावभर जमिनीवरूनही डोकी फुटतात, त्याचा असा सण झाला.

बेटाच्या दुसऱ्या टोकाला नार्वे. तिथून दुसरी फेरी, आणि पलीकडच्या तीराचं नावही नार्वे. मला आधी फलक लावणाऱ्याची चूक वाटली. पण तशीच गोष्ट आहे. सप्तकोटेश्वर मूळचा दिवाडीचा, कदंब राजांचा कुलस्वामी. आपल्याला या देवाचा वरप्रसाद लाभला आहे, असं ते बिरुदात लावत आणि नाण्यांवर पाडत. १५४० साली पोर्तुगीजांनी देऊळ पाडलं. लिंग विहिरीच्या राहाटाला लावलं होतं असं सांगतात. दोर ओढून ओढून पाणी काढायला. मग कुणीतरी ते काढून रात्रीच्या अंधारात नदीपार आणलं, कारण पलीकडे पोर्तुगीजांचा अंमल नव्हता. १६६८ मध्ये शिवाजी महाराज आले आणि त्यांनी देवालयाचं काम सुरू करवलं. दारावरच्या शिलालेखात शके १५९० आहे.

फेरीवर आई पुढच्या फळीपाशी उभी राहिली. नदी तिथं फार रुंद नाही, पोहणारा आरामात पार करेल. "आपला मंगेश पण असाच आला," ती म्हणाली. हे मला माहीत होतं, पण पाठ असलेल्या आरतीसारखं. १५६०, कुठ्ठाळीहून जुवारी पार करून प्रियोळला. पण रात्र, ओहोटीचा चिखल, एका पडावात कापडात गुंडाळलेला दगड, वल्ह्याचा आवाज होऊ नये म्हणून धरलेला श्वास, हे कधी डोळ्यांपुढे आलं नव्हतं. आईने दोन्ही हात पुढे केले होते. तेच, पडावात मूल झेलतानाचे. तिला ते कळलं नसावं, आणि मी हाक मारली नाही.

देऊळ झाडीत खाली दडलेलं आहे. उतरती कौलं, बुटका घुमट, पुढे दीपमाळ. दुरुस्ती नुकतीच झाल्यासारखी सगळं नीटनेटकं. गाभाऱ्यात धारालिंग. आईने बराच वेळ पाहिलं आणि भटजींना हळूच विचारलं, "दोराची खूण दिसते का हो?" ते म्हणाले, "पाहिजे त्याला दिसते."

आत्याकडच्या जेवणाबद्दल लिहिलं तर हा लेख संपायचा नाही. सोलकढी, मुगागाठी, आणि बाबांच्या नावाने वाढलेलं एक जास्तीचं पान, एवढंच सांगते. निघताना आत्या म्हणाली, "परत चोडणवरनं जा. मयेहून रस्ता आहे, पुढे रायबंदरची फेरी. आंधार पडायच्या आत पक्षी दिसतील." चोडण बेटाच्या टोकाला सलीम अलींच्या नावाचं अभयारण्य आहे, पावणेदोन चौरस किलोमीटरची खारफुटी. आम्ही पोचलो तेव्हा बगळे रात्रीच्या झाडांवर बसायला येत होते, एकेक करून, पांढरी फडकी वाळत घातल्यासारखे.

रायबंदरच्या फेरीवर लेक हिशेब करत होता. "काल एक बेट, तेही लांबून. आज दोन, फुकट. आणि आता बेटावरून बाहेर."

साखळी सोडणारा फेरीवाला हसला. "भायर खंय, बाबा? पणजी जुंव्यारच आसा."

जुंवो म्हणजे बेट. नवऱ्याने मोबाइल काढून दिला. लेकाने त्यावर बोट टेकवलं आणि मिरामारपासून सुरुवात केली. बोट मांडवीतून वर गेलं, रायबंदर, जुनं गोवं, मग वळून कुंभारजुव्याच्या खाडीत शिरलं, मगरींच्या पाण्यातून खाली उतरून जुवारीला लागलं, दोनापावलाला वळसा घातला, आणि कुठंही जमीन न लागता पुन्हा मिरामारला आलं.

"आई, आपलं हॉटेल..." तो म्हणाला.

"फळी पडली. उतरा," आजीने सांगितलं.